खाडीचा जमाखर्च

पनवेलचा नकाशा मुळात माणसाने नव्हे, पाण्याने काढलेला आहे. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी गावाला वळसा घालून खाडीला मिळते. ऐन पावसाळ्यात नदीचा पूर आणि समुद्राची भरती एकाच वेळी समोरासमोर आली, की पाण्याला पसरायला जागा लागते. तिवरांची दलदल, मिठागरे आणि खाजणे ही ती जागा. खारभूमीला बांध घालून भातशेती करणाऱ्या आगऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. म्हणून त्यांनी बांधाला उघाडी ठेवली.

हेच ज्ञान मोजून, तपासून, कागदावर आणण्याचे काम परिसरशास्त्रज्ञ करतो. हा माणूस वर्षानुवर्षे त्याच चिखलात जाऊन खेकडे आणि पक्षी मोजतो, म्हणून लोकांना त्याची गंमत वाटते. पण तिवराचे गळलेले पान कुजते, त्यावर खेकडे-कोळंबी जगतात, माशांची पिल्ले त्याच मुळांच्या आडोशाला वाढतात आणि पुढे कोळ्याच्या जाळ्यात येतात. ही साखळी कुठे तुटते आहे, ते बाजारात मासळी महागण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वहीत दिसते.

बँकेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हे काम ओळखीचे वाटते. तपासनीस कर्ज मंजूर करत नाही आणि नाकारतही नाही. कागदावरचे तारण जागेवर आहे का, एवढेच पाहतो. त्याचा अहवाल न वाचता कपाटात ठेवला, तर पुढे होणाऱ्या बुडीत खात्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

आपण नेमके तेच करत आलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पनवेलच्या वस्त्यांतही गाढीचे पाणी शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश दिला. जे शास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते, ते पटायला न्यायालयाचा हुकूम लागला! डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल सादर केला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, आणि तेही कज्जेदलाली झाल्यावर.

याचा अर्थ विकास नको, असा नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खारफुटीही गेली. या भागातल्या मुलांना त्यातून रोजगार मिळणार असेल, तर तो कुणाला नको आहे? मात्र परवानगी देताना २०१० साली ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांत दुसरीकडे खारफुटी जोपासण्याची अटही होती. ती झाडे जगली का, पाणी कुठे वळले, पक्षी कुठे गेले, हे मोजण्याचे काम विमान उडाल्यावर संपत नाही. खरे तर तेव्हाच सुरू होते.

हे मोजमाप फक्त तज्ज्ञांवर सोडण्याचेही कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला आणि महापालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. स्थानिकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे, हे त्या समितीचे मुख्य काम. वडाळे तळ्यावर कोणते पक्षी येतात, कोणत्या ओढ्यात पूर्वी मासे मिळत, कुठला नाला बुजला, हे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, कोळणींना, शाळकरी पोरांनाही सांगता येते. शास्त्रज्ञाने ते पारखून नीट मांडायचे.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी दारी मत मागायला आला, की रस्ता आणि नळ यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या गावाची ती नोंदवही कुठे आहे, आणि शेवटची नोंद कोणत्या वर्षीची आहे?