पावसापाण्याचं कसलं आलंय शिक्षण?

मैत्रिणींनो, अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी खलबतं सुरू होतात. परवा आमच्या वन्सं लेकीला घेऊन आल्या. चहाचा कप हातात घेतानाच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता, तुमचं ती ऐकेल. गणित सोड म्हणावं. ही म्हणते, मला पावसापाण्याचं शिकायचंय. पावसापाण्याचं कसलं आलंय शिक्षण?"

भाची खाली मान घालून बसली होती. हळूच म्हणाली, "मामी, गेल्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. तरी आमची विहीर मार्चमध्ये आटली. ते पाणी गेलं कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधणारं शास्त्र म्हणजे जलविज्ञान. आपण महिन्याचा जमाखर्च मांडतो ना, तसाच हा पाण्याचा. पाऊस ही जमा. काही पाणी ओढ्यानदीला वाहून जातं, काही उन्हानं आणि झाडापिकांतून वाफ होऊन उडतं, ते खर्ची. जमिनीत मुरतं ती शिल्लक, आणि तीही आपण उपसतोच! एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तुमची गच्ची शंभर चौरस मीटरची असेल तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यावर हजार लिटर पडतं. आहे की नाही घरातलंच गणित?

जमा किती आणि कधी होणार, हे सांगतं वातावरणशास्त्र. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आलं की त्याचा पाचवा हिस्साही नाही. ढग तेच, डोंगर तोच. असं का, याचं उत्तर या शास्त्रात आहे.

"पण बायकांचं काय काम तिथं?" वन्संचा दुसरा प्रश्न. त्यांना मी अण्णा मणी यांच्याबद्दल सांगितलं. केरळात १९१८ साली जन्मलेल्या या बाई भौतिकशास्त्र शिकल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, हवामानाची उपकरणं आपल्या देशात तयार व्हावीत म्हणून झटल्या आणि १९७६ साली उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या. त्या काळी जमलं, ते आज का जमू नये?

आता मुद्द्याचं. वाटा मुख्यतः तीन. वातावरणशास्त्र हवं असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्‌सी. करावं, मग पुढचं शिक्षण. पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पाषाणला मान्सूनवर संशोधन करणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. दुसरी वाट स्थापत्य अभियांत्रिकीची. तिथून ‘गेट’ परीक्षा देऊन एम.टेक. करता येतं. रुरकीला जलविज्ञानाचं शिक्षण १९७२ पासून चालू आहे. तिसरी भूशास्त्राची, म्हणजे भूजलाकडे नेणारी.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सरकारी जागांच्या जाहिरातीत नेमकी कोणती पदवी लागते ते लिहिलेलं असतं. धरण-कालव्यांच्या कामाला सहसा स्थापत्यवाले घेतात, भूजल सर्वेक्षणाला भूशास्त्रवाले. पदवी निवडण्याआधीच दोन-चार जुन्या जाहिराती वाचा. नाहीतर शिक्षण झाल्यावर मुलगी म्हणायची, "आई, मला अर्जच करता येत नाही."

आणि गणित! ते अकरावीला सुटलं की यातल्या बहुतेक दारांना कुलूप लागतं. जीवशास्त्र हवंच असेल तर दोन्ही घेता येतात. थोडा ताण पडतो, एवढंच.

हे मी अनुभवानं सांगते. दहावीला मला गणितात चांगले गुण होते. "पोळ्या लाटायला गणित कशाला?" असं घरी म्हणाले आणि मी मुकाट्यानं बी.ए. केलं. आज वर्गात मान्सूनचे बाण फळ्यावर काढते. एखादी पोर विचारते, "बाई, हे वारे इकडेच का वळतात?" तेव्हा पुस्तकात आहे तेवढंच सांगते. त्याच्या पुढचं मला येत नाही, आणि ते दर वर्षी बोचतं.

वन्सं ऐकून घेत होत्या. अजून पुरत्या राजी नाहीत. वसतिगृहाचा खर्च आहे, मुलगी लांब जाणार ही काळजी आहे. त्या काळज्या खोट्या नाहीत. पण जाताना लेकीला म्हणाल्या, "भर बाई गणित. पुढचं पुढं बघू."

सध्या एवढंच पुरे आहे. तुमच्याही घरात फॉर्म आला असेल. हंडा कुणी भरायचा हे आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. पाण्याचा हिशेब कुणी शिकायचा हे मात्र एकदा लेकीला विचारा, आणि तोवर गणितावर काट मारू नका.