फर्नांडो गेला, तेव्हा लॉस एंजेलिसमधले लोक नेमकं कशासाठी रडत होते?

२२ ऑक्टोबर २०२४ ला फर्नांडो व्हॅलेन्झुएला गेला. वय ६३. बातमी आली आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्स स्टेडियमच्या गेटबाहेर मेणबत्त्या, फुलं आणि टोप्यांचा ढीग लागला. तीनच दिवसांनी त्या मैदानावर बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सुरू होणार होती. डॉजर्सचे खेळाडू बाहीवर त्याचं नाव आणि ३४ हा त्याचा नंबर लावून उतरले आणि सिरीज जिंकले. विजयाची मिरवणूक निघाली १ नोव्हेंबरला. त्या दिवशी फर्नांडो ६४ वर्षांचा झाला असता.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबर हे गेलेल्या माणसांचे दिवस. घरात त्यांचा फोटो मांडायचा, आवडीचं खाणं ठेवायचं, झेंडूची फुलं वाहायची. (हो, आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.) त्यामुळे ही तारीख निव्वळ योगायोग आहे, हे तिथल्या मेक्सिकन चाहत्यांना पटवून देणं अवघड आहे.

आता नुसते आकडे बघा. फर्नांडो पिचर होता, म्हणजे बॉल टाकणारा. कारकिर्दीत त्याच्या नावावर १७३ विजय आणि १५३ पराभव. चांगला रेकॉर्ड आहे, पण सर्वकालीन महान वगैरे नाही. मग अख्खं शहर एवढं का हललं?

त्यासाठी हे स्टेडियम कुठे उभं आहे ते आधी बघावं लागतं.

त्या जागेचं नाव चावेझ रवीन. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या तिथे होत्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. १९५० मध्ये शहर प्रशासनाची पत्रं आली: इथे सरकारी घरं बांधायची आहेत, जागा सोडा, नव्या घरांवर पहिला हक्क तुमचाच. शेकडो कुटुंबं निघून गेली. पुढे तो गृहप्रकल्प समाजवादी ठरवून गुंडाळला गेला आणि जमीन गेली ब्रुकलिनहून येणाऱ्या डॉजर्सकडे. मे १९५९ मध्ये शेवटच्या काही लोकांना पोलिसांनी घरातून अक्षरशः उचलून बाहेर काढलं. ती दृश्यं टीव्हीवर दिसली. १९६२ मध्ये स्टेडियम सुरू झालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही मंडळी प्रकल्पग्रस्त. फरक एवढाच, की ज्या प्रकल्पासाठी उठवलं तो झालाच नाही. अनेक मेक्सिकन घरांमध्ये डॉजर्सचं नाव काढलेलं चालायचं नाही.

आणि मग आला एप्रिल १९८१. सीझनच्या पहिल्याच मॅचला ठरलेला पिचर जखमी झाला आणि २० वर्षांच्या फर्नांडोला उभं केलं. सोनोरा राज्यातल्या एचोवाकिला या छोट्या गावातला, बारा भावंडांतला धाकटा. इंग्रजी जवळपास येत नाही. अंगाने गोलमटोल. बॉल टाकण्याआधी नजर थेट आकाशाकडे. हातात स्क्रूबॉल नावाचा चेंडू, जो नेहमीच्या उलट दिशेला वळतो. आपण गुगली म्हणू, तसलाच चकवा. त्या दिवशी त्याने ह्यूस्टनला एकही रन करू दिला नाही. ही मॅच धरून त्याने सलग आठ मॅच जिंकल्या, त्यातल्या पाचांमध्ये समोरच्या टीमला शून्यावर ठेवलं. वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम नवोदिताचा आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग, असे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. एकाच सीझनमध्ये हे दोन्ही मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. त्या वेडाला लोकांनी ‘फर्नांडोमॅनिया’ असं नाव दिलं.

पण माझ्या मते खरी गोष्ट पुरस्कारांची नाहीच. पत्रकार परिषदेत हा मुलगा स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि डॉजर्सचे स्पॅनिश कॉमेंटेटर हायमे हारीन शेजारी बसून ते इंग्रजीत सांगायचे. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून ओरडा खाल्लेल्या पिढीला हे टीव्हीवर दिसत होतं. त्याच्यासारख्या रंगाची, त्याच्यासारख्या अंगाची माणसं त्या स्टेडियममध्ये यायला लागली. ज्या घरांनी शपथ घेतली होती, त्यांतलीही.

क्लबने मात्र १९९१ मध्ये, नवा सीझन तोंडावर असताना, त्याला सोडून दिलं. तो दुखावला आणि बरीच वर्षं लांब राहिला. २००३ मध्ये परतला तो स्पॅनिश कॉमेंटेटर म्हणून. मधल्या काळात ३४ नंबरची जर्सी कुणालाच दिली गेली नाही, पण नंबर अधिकृतपणे निवृत्त व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडलं. हॉल ऑफ फेममध्ये असलेल्यांचेच नंबर निवृत्त करायचे हा क्लबचा रिवाज, आणि फर्नांडो त्यात नव्हता. त्याच्यासाठी रिवाज मोडला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली नसती तर तो मोडला असता का, याबद्दल मला शंका आहे.

तो गेल्यावर एक वाक्य सगळीकडे फिरलं: फर्नांडोने चावेझ रवीनची जखम भरून काढली. ऐकायला छान वाटतं. क्लबच्या तर फारच सोयीचं आहे. पण त्याच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी याच विस्थापित कुटुंबांना भरपाईचा मार्ग खुला करू पाहणारं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं होतं. घरं गेली ती गेलीच. पिचरने कितीही मॅच जिंकल्या तरी त्याने भरपाई होत नाही, आणि ती त्याची जबाबदारीही नव्हती.

गेटबाहेर मेणबत्ती लावणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांतल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्यात: घर कसं गेलं आणि १९८१ मध्ये रेडिओला कान लावून आपण कसे बसलो होतो. जून २०२५ मध्ये शहरात स्थलांतरितांवर धाडी पडू लागल्या आणि क्लब सुरुवातीला गप्प बसला, तेव्हा जाब विचारणारे हेच चाहते होते. थोड्या दिवसांनी क्लबने बाधित कुटुंबांसाठी १० लाख डॉलर जाहीर केले.

डिसेंबर २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या १६ जणांच्या समितीसमोर फर्नांडोचं नाव पुन्हा आलं. निवडीसाठी १२ मतं लागतात. त्याला पाचसुद्धा मिळाली नाहीत. तिकडे बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीत एका जुन्या हॉटेलच्या भिंतीवर चित्रकार रॉबर्ट वर्गास यांनी त्याचं इमारतीएवढं चित्र काढलंय, आणि लोक तिथे फोटो काढायला पोरांना घेऊन जातात.