पाचाडची शिवसृष्टी : पाळणा गडाखाली फिरू द्या

१/ किल्ले रायगडावर जाणाऱ्या दोन वाटा सध्या प्रचलित आहेत. एक चित्त दरवाजाकडून चढणारी, चौदाशेहून अधिक पायऱ्यांची. दुसरी हिरकणीवाडीतून निघणाऱ्या रोपवेची, १९९६ पासून सुरू असलेली. पहिल्या वाटेला दोन-अडीच तास लागतात, दुसरीला चार-पाच मिनिटे. महाड तालुक्यातील सर्वांत थरारक ‘राइड’ कोणती, या प्रश्नाचे उत्तर ही दुसरी वाट होय. हा थ्रेड राइड, थीम पार्क आणि गड यांच्या नात्याविषयी आहे.

२/ गडप्रेमींमध्ये रोपवेचा विषय निघाला की नाक मुरडण्याची रीत आहे. पण या पाळण्याला जशी कथा लाभली आहे, तशी जगातील फार थोड्या राइड्सना लाभली असेल. तो जिथून सुटतो त्या वाडीचे नाव हिरकणीचे. रात्री दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या गवळणीची ही लोककथा. प्रवाशाच्या पायाखालून सरकणाऱ्या कातळातच ती घडल्याचे मानले जाते.

३/ राइडला कथा जोडणे ही थीम पार्कची मूळ कल्पना. केवळ वेग आणि उंची यांचा आनंद त्याहून जुना आहे. अठराव्या शतकात रशियात बर्फाच्या कृत्रिम टेकड्यांवरून घसरण्याचा खेळ होता. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर रुळांवरून उतरणारी गाडी सुरू झाली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने सुमारे ८० मीटर उंचीचे चक्र उभारले. आपल्या जत्रांतील आकाशपाळणा त्याच कुळातला.

४/ १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडले आणि राइड्स कथेत ओवल्या गेल्या. प्रवेशद्वारापासून सरळ रस्ता, त्याच्या टोकाला किल्ला, आणि त्या किल्ल्याच्या ओढीने पुढे सरकणारी माणसे. त्या किल्ल्याला प्रेरणा देणारा बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन हाही मध्ययुगीन नव्हे. एका राजाने एकोणिसाव्या शतकात बांधवून घेतलेले ते मध्ययुगाचे स्वप्न होते.

५/ भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आणि मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यातच, खोपोलीजवळ, इमॅजिका आले. तेथील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर शौकिनांच्या यादीत आजही मानाने घेतला जातो. पण तेथील प्रमुख राइड्सच्या कथा पाहाव्यात : अलिबाबा, मिस्टर इंडिया, सलीमगढ, कोपलेले देव. १९८१ मध्ये कुलाबा हे नाव टाकून ज्या गडाचे नाव जिल्ह्याने घेतले, तो गड त्यांत नाही.

६/ मराठी माणसाला ऐतिहासिक थीम पार्क परके आहे, असे मात्र नाही. दिवाळीत अंगणोअंगणी उभा राहणारा मातीचा किल्ला हे त्याचेच बालरूप. अळिवाची हिरवळ, गुहेतला वाघ, वर सिंहासनाधिष्ठित महाराज, खाली मावळे. प्रमाण चुकलेले, काळ सरमिसळ झालेला; तरीही कित्येकांच्या मनात इतिहासाची पहिली गोडी तिथेच रुजली. चिपळूणजवळच्या डेरवणचे शिल्पमय शिवचरित्र आणि पुण्यात आंबेगाव येथे फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने खुली होणारी शिवसृष्टी ही त्याच हौसेची मोठी रूपे.

७/ राज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाच्या सोहळ्यात, २०२३ मध्ये, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे शिवसृष्टी उभारण्याची घोषणा झाली. त्यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, गडाच्या परिसरात करमणूक नकोच, इतिहासाची सहल होईल. दुसरे म्हणते, पायथ्याशी कशाला, गडावरचे वाडे आणि राजसभाच पूर्ववत बांधून काढा. दोन्ही मते गडावरील प्रेमातूनच आली आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत.

८/ आधी दुसऱ्या मताविषयी. रायगडावरची पडझड हा स्वतःच इतिहासाचा पुरावा आहे. १६७४ चा राज्याभिषेक, १६८९ मध्ये मोगलांकडे गेलेला गड, पुढे मराठ्यांनी तो परत घेणे, आणि मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या तोफांनी पेटलेले वाडे : हे सारे त्या चौथऱ्यांवर एकाच वेळी वाचता येते. तेथे नवी छपरे चढवली, तर १६७४ चे एक कल्पित चित्र हाती येईल आणि नंतरचे दीड शतक पुसले जाईल.

९/ शिवाय त्या वाड्यांचे लाकूडकाम नेमके कसे होते, हे सांगणारी रेखाटने उपलब्ध नाहीत. थीम पार्कमध्ये अशा रिकाम्या जागा कल्पनेने भरणे हा गुन्हा नाही, तेथे तोच धर्म आहे. संरक्षित स्मारकावर मात्र ती फसवणूक ठरते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांत रायगड आहे. त्या यादीत अस्सलपणाला मोल आहे, नवेपणाला नाही.

१०/ आता पहिल्या मताविषयी. करमणुकीने इतिहास विटतो, हे सरसकट खरे नाही. नगारखान्याच्या दारात कागद टरकावला की तो आवाज सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ऐकू येतो. हा प्रयोग गडावर येणारे प्रत्येक शाळकरी मूल करून पाहते. तो खेळच आहे. पण त्या मुलाला राजसभेचा विस्तार कोणत्याही फलकापेक्षा त्या एका आवाजाने अधिक कळतो.

११/ फ्रान्सच्या वांदे प्रांतातील प्वी द्यु फू हे उदाहरण येथे उपयोगी पडते. शहरांपासून दूरचा ग्रामीण भाग, आणि १७९४ च्या यादवीत जाळलेला एक वाडा. १९७८ पासून त्या भग्न वाड्यासमोर रात्रीचा भव्य प्रयोग होतो आणि त्यात आसपासच्या गावांतील हजारो स्वयंसेवक उतरतात. १९८९ मध्ये शेजारी पार्कही उभे राहिले. त्यात रोलर कोस्टर नाही, तरी ते फ्रान्समधील सर्वाधिक गर्दीच्या पार्कांपैकी एक आहे.

१२/ त्याच पार्कवर इतिहासकारांची टीकाही आहे : एकाच बाजूचा इतिहास, शंकेला जागा नाही. ती टीका पाचाडने आधीच ऐकून ठेवावी. डिस्नीने १९९३ मध्ये व्हर्जिनियात मनासस या रणभूमीजवळ इतिहासाचे पार्क जाहीर केले. नामवंत इतिहासकार विरोधात उभे राहिले आणि वर्षभरातच बेत सोडावा लागला. त्या वादात स्थळाची निवड हा मोठा मुद्दा होता.

१३/ पाचाडही मोकळे मैदान नाही. तेथे जिजाऊंचा वाडा आहे, आणि राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, निवर्तलेल्या त्या मातेची समाधी आहे. ध्वनिक्षेपकाचा आवाज समाधीपर्यंत पोहोचता कामा नये, ही आराखड्याची पहिली अट हवी. दुसरी अट डोंगर न कापण्याची. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे गेली, महाड शहर पुरात बुडाले. या मातीत वाहनतळासाठी उतार खणणे परवडणारे नाही.

१४/ तिसरी अट आशयाची. रोपवेने वर जाऊन दोन तासांत उतरणारा पर्यटक महाड-पोलादपूर पाहतच नाही. उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. महाडला सावित्रीकाठचे जुने बंदर, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आणि २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे आहे. पाचाडहून या सर्व ठिकाणी जाणाऱ्या बसगाड्या असाव्यात. म्हणजे शिवसृष्टी हे प्रवासाचे शेवटचे ठिकाण न राहता पहिले होईल.

१५/ चौथी अट माणसांची. पायऱ्यांच्या वाटेवर ताक-सरबत विकणाऱ्या बाईच्या डोक्यावरून पाळणा जातो. त्यातला प्रवासी तिच्यापाशी थांबत नाही. नव्या पार्कनेही तेच केले, तर गावाच्या वाट्याला फक्त धूळ आणि कोंडी येईल. प्रयोगातले मावळे, वाटाडे, स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाया या पंचक्रोशीतल्याच असाव्यात. वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या महाडात आणणाऱ्या या मुलखाला गर्दी आणि सोहळा सांभाळण्याचे शिक्षण बाहेरून देण्याची गरज नाही.

१६/ तात्पर्य एवढेच. खाली भरपूर करावे : अफझलखानाच्या भेटीची अंधारी राइड, १६७४ च्या राजसभेची पूर्णाकृती, हिरकणीचा कडा उतरण्याचा सुरक्षित थरार. जिथे कल्पनेने भरले आहे, तिथे तसे स्पष्ट लिहावे. आणि वर काहीही नव्याने बांधू नये. खाली भरलेला दरबार पाहिलेले मूल वर रिकाम्या चौथऱ्यापाशी उभे राहील, तेव्हा ‘मग हे सगळे कुठे गेले?’ असे विचारील. शिवसृष्टी यशस्वी झाली की नाही, हे तिकिटांच्या आकड्यांवरून नव्हे, तर त्या प्रश्नावरून ठरावे.