कामाचा क्रम मालकानेच लावावा

व्यापारी बंधूंनो, दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर आता एआय एजंटकडून दुरुस्त करून घेता येते. (हा एजंट म्हणजे आपला कापडबाजारातील दलाल नव्हे!) क्लॉड कोड हे त्यापैकीच एक, २०२५ साली आलेले. साध्या भाषेत काम सांगितले की ते प्रोग्राम स्वतः लिहिते.

परंतु आमची मंडळी दहा कामे एका दमात सांगून मोकळी होतात. मग बिलाचे रंगरूप आधी बदलते आणि कराचे काम अर्धवट लटकते.

२२ सप्टेंबर २०२५ चेच घ्या. त्या दिवसापासून तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटीची मर्यादा नगामागे १००० वरून २५०० रुपये झाली, त्यावरील मालाला १८ टक्के. अशा वेळी यादीत पहिला नंबर दराचाच हवा. तोही मोघम नको. २५०० चा नग ५ टक्क्यांत, २५०१ चा १८ टक्क्यांत, जुनी बिले जुन्याच दराने. एवढे तपासून दाखविल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावू नये, असे स्पष्ट लिहावे. उधारीच्या खात्याला तर विचारल्याशिवाय स्पर्शही नको.

यादी फाईलमध्येच ठेवावी, कारण नव्या बैठकीत यंत्राला कालचे बोलणे आठवेलच असे नाही.

कोणी म्हणेल, यंत्र हुशार आहे, क्रम तेच लावील. लावील की! पण कोणत्या पार्टीकडे रक्कम अडकली आहे आणि कोणते रिटर्न डोक्यावर आले आहे, हे त्याला कोण सांगणार?