कृपा आणि करार

कोकणातल्या माणसाला संकटाची ओळख करून द्यावी लागत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडविली. आणि या सर्वांच्या जोडीला कोरोनाची साथ होतीच. अशा प्रत्येक आपत्तीनंतर दोन उद्गार हमखास ऐकू येतात. 'देवाने असे का केले?' हा एक, आणि 'यातून सोडव, मी अमुक करीन' हा दुसरा. पहिला तक्रारीचा, दुसरा नवसाचा. वरवर पाहता हे उद्गार परस्परांपासून दूर वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच आहे. देव आणि माणूस यांच्यात काही करार झालेला आहे, आपण आपला हप्ता भरला आहे, आणि आता समोरच्या पक्षाने आपली बाजू पाळावी, ही ती कल्पना होय.

या कल्पनेला हसण्याचे कारण नाही. भयभीत माणूस हाताशी असलेले साधन वापरतो, आणि व्यवहारात सर्वांच्या हाताशी असलेले साधन म्हणजे सौदा. प्रश्न एवढाच की, समोरून काहीच आले नाही तर त्या श्रद्धेचे काय होते? ख्रिस्ती धर्मविचारात या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे. देव दयाळू आहे आणि तो आपल्या शब्दाला जागतो, असे तो धर्म सांगतो; आणि त्याच वेळी त्याची सर्वांत पवित्र खूण म्हणजे एका निरपराध माणसाचा वधस्तंभ होय. हे दोन्ही एकत्र कसे नांदतात, हा विचार केवळ चर्चमध्ये जाणाऱ्यांपुरता नाही. समाजाचा सारा व्यवहारच विश्वासावर उभा असल्याने, विश्वास नेमका कशाला म्हणावे हे पाहणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही परके वाटू नये. आपल्या भाषेने तर 'पत' हा एकच शब्द अब्रूलाही वापरला आहे आणि उधारीलाही.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला म्हणजे पंडिता रमाबाईंचे आयुष्य. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे आईवडील तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर हिंडले. व्रते झाली, दाने झाली, जवळचे धन धर्मकृत्यांत खर्ची पडले. आणि १८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेला भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी पदरी लहानगी मनोरमा घेऊन ही विधवा पुण्यात आली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली असती, तर ती सोयीची झाली असती. जुन्या देवाने दिले नाही, नव्या देवाने दिले, असा हिशेब कोणाला तरी मांडता आला असता. परंतु रमाबाईंचे पुढील आयुष्य हा हिशेब जुळू देत नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढे पुण्यात आले, आणि १८९३ मध्ये तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ आला. शेवटी जुलै १९२१ मध्ये, जिच्यावर संस्थेची पुढची सारी भिस्त होती ती मनोरमा वारली. आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. कराराच्या मापाने मोजायचे तर बाप्तिस्म्यानंतरचा सौदाही तोट्याचाच ठरला. तरीही देवाच्या दयेवरील त्यांचा भरवसा उत्तरोत्तर दृढ होत गेला. मग हा भरवसा होता तरी कशावर?

अर्थशास्त्रातील एक भेद येथे उपयोगी पडेल. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो. जिची शक्यता मोजताच येत नाही ती अनिश्चितता; तिला विमा नाही. नवस हा श्रद्धेचा विमा आहे. ठरलेला हप्ता आणि ठरलेली भरपाई. परंतु माणसाचे खरे भय दुसऱ्या प्रकारचे असते. कोणते संकट, केव्हा, कोणावर, याचे कोष्टक उपलब्ध नसते. तेथे उपयोगी पडते ती हमी नव्हे, तर संबंध. आजारी मुलाला आईबद्दल जो भरवसा असतो तो ती ताप उतरवीलच असा नसतो. ती उठून जाणार नाही, असा असतो.

हिब्रू धर्मग्रंथांत देवाच्या दयेसाठी 'हेसेद' हा शब्द वारंवार येतो. दया आणि निष्ठा, वात्सल्य आणि शब्दाला जागणे, हे सारे त्या एका शब्दात सामावलेले आहे, म्हणूनच त्याचे भाषांतर एका शब्दात करणे अवघड जाते. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली, आणि ते काम मृत्यूपूर्वी पुरे केले. ज्या 'विलापगीत' नावाच्या ग्रंथात देवाची दया आणि विश्वासूपणा यांचे सर्वांत प्रसिद्ध स्मरण येते, तो ग्रंथ यरुशलेमच्या विध्वंसावरचा शोक आहे. उपासमार, जळालेले नगर, मेलेली मुले यांच्या वर्णनाच्या मधोमध ते स्मरण उभे आहे. आणि त्यानंतरही विलाप चालूच राहतो. वधस्तंभावरील येशूच्या तोंडी जो टाकून दिल्याचा आक्रोश आहे, तोही एका जुन्या स्तोत्राचाच आरंभ आहे. याचा अर्थ असा की, या परंपरेत तक्रार ही अश्रद्धा मानलेली नाही. करार मोडला की माणूस पाठ फिरवितो. संबंध असेल तर तोंडावर भांडतो.

याची साक्ष आपल्याच जिल्ह्यातील एका घराने दिली आहे. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये दापोलीकडच्या करजगावचा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात कोसळले. ताटातूट, लोकापवाद, लहान मुलाची काळजी यांतून गेल्यावर त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने १९०० मध्ये त्या धर्मात आल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्यात धार्मिक गोडवा सापडत नाही. सापडतो तो राग, हट्ट, विनोद आणि त्या सर्वांना पुरून उरणारा विश्वास. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. मिळकतीची हमी सोडणाऱ्या त्या माणसाला अनिश्चिततेचे भय नव्हते असे नाही. ते भय त्याचे धनी नव्हते, एवढेच.

आता दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, देवाच्या दयेवर भरवसा ठेवण्याची शिकवण माणसाला निष्क्रिय करते आणि दुःखाच्या मानवी कारणांवर पांघरूण घालते. हा आक्षेप गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळ केवळ पावसाने आणले नव्हते. दादाभाई नौरोजींनी देशाच्या दारिद्र्याचा संबंध संपत्तीच्या निर्गमनाशी जोडला. आणि १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, धान्य असूनही ते मिळविण्याचा हक्क आणि ऐपत नसल्याने माणसे उपाशी मरतात. अशा मृत्यूंना देवाची इच्छा म्हणणे ही देवाचीही विटंबना आहे. तिवऱ्याच्या धरणाबाबतही तेच म्हणावे लागेल. मातीचा बांध माणसांनी बांधलेला होता आणि त्याची देखभाल माणसांकडेच होती.

परंतु रमाबाईंच्या बाबतीत हा आक्षेप उलटा पडतो. दुष्काळाची बातमी येताच त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्या कार्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या संस्थेने साहाय्य कबूल केले होते ते दहा वर्षांपुरते. म्हणजे मुदत संपत आली असताना त्यांनी आपला पसारा कितीतरी पटींनी वाढविला. कोणत्याही हिशेबतपासनिसाने हे अविचाराचे म्हटले असते. मात्र प्रार्थनेबरोबर केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग आणि छापखाना चालला, अंध स्त्रियांना शिक्षण मिळाले, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध १८९७ मध्ये रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड लिहिले, आणि सरकारची नाराजी पत्करली. देवाची भीड बाळगणाऱ्या या बाईला गव्हर्नरची भीड पडली नाही. भरवशाने हात बांधले नाहीत. उलट, भयाने बांधलेले हात मोकळे केले.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. उपाशी माणसाला अन्न देऊन त्याचा धर्म घेणे ही दया म्हणावी काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. मुक्तिसदनात आलेल्या अनाथ मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक त्याच धर्मात राहिल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. शारदासदनाच्या प्रारंभीच्या विद्यार्थिनींपैकी देवरुखच्या गोदूबाई जोशी मात्र हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते या आक्षेपाचे उत्तर पक्षाभिमानात नाही. ते कृपेच्या व्याख्येतच आहे. कृपा ही जर खरोखरच न मागता, न कमावता मिळणारी गोष्ट असेल, तर भाकरीच्या बदल्यात मागितलेली श्रद्धा हा पुन्हा सौदाच झाला, आणि तो त्या धर्माच्याच मूळ तत्त्वाशी विसंगत आहे. हे माप प्रत्येक मिशनला लावावे, आणि अन्नछत्र चालविणाऱ्या इतर प्रत्येक संस्थेला, मदतीच्या पाकिटावर आपले छायाचित्र छापणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यालाही लावावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ऋणाचाच शब्द योजलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आम्हांस सूट मिळावी, जशी आम्ही इतरांस दिली आहे, असा तिचा आशय. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही आपल्याकडची परंपरागत कथाही याच दिशेने जाते. आपत्ती सोसलेला माणूस दोनपैकी एक करू शकतो: स्वतःचे येणे अधिक कठोरपणे वसूल करणे, किंवा वही बुडविणे. दयेवरचा भरवसा खरा की खोटा, हे ओळखण्याची खूण एवढीच की तो वही बुडवितो.

म्हणून देव दयाळू आहे काय, या प्रश्नाचे उत्तर वर्तमानपत्राच्या पानावर देता येणार नाही. आणि ते देण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर नाहीच. मात्र त्या दयेवर विश्वास ठेवतो असे म्हणणाऱ्या माणसाची परीक्षा कशी करावी, हे सांगता येते. संकट टळले की नाही यावरून ती होत नाही. संकटात तो कोणाच्या उपयोगी पडला, कोणाला सोडून गेला नाही, यावरून ती होते. चिपळूणचे पाणी ओसरल्यावर परगावाहून येऊन घराघरांतला चिखल उपसणाऱ्यांना कोणी त्यांचा धर्म विचारला नाही, आणि त्यांनीही कोणाला विचारला नाही. पुढचा पाऊस कसा येईल हे कोणालाच ठाऊक नाही. त्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे. ते भय घेऊन आपण हप्ते भरीत बसायचे, की शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरण्यापूर्वी त्याची म्हातारी माणसे उचलून वर आणायची, एवढाच प्रश्न आपल्या हाती राहतो. कृपा जर कोठे असेलच, तर ती बहुधा अशाच हातांनी येत असावी.