झोपाळू कोण?

पहिल्या तासाला नववी-दहावीचा मुलगा बाकावर मान टाकतो आणि आम्ही मास्तर त्याला कुंभकर्ण ही पदवी बहाल करून मोकळे होतो. या पदवीदानास माझा विरोध आहे.

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न काढला, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारचा निर्णय निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. उत्तम झाले. पण चौथीपाशीच का थांबलात? आठ-नऊ वर्षांचे पोर रात्री लवकर निजते आणि पहाटे आपणहून चिवचिवू लागते. तारुण्याच्या उंबरठ्यावर मात्र देहातले घड्याळच तास-दोन तास मागे पडते. निद्रेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा पाझरते. हा शरीरधर्म आहे, दुराचार नव्हे. (मोबाईल त्या आगीत तेल ओततो, हे मान्य, पण आग त्याने लावलेली नाही.) अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्येच सांगून टाकले, की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आमच्याकडे ज्याचे घड्याळ मागे, नेमकी त्याच्याच वाट्याला सातची घंटा, आणि तिच्याही आधी शिकवणी!

यात हरपते काय? शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचाली जगापुढे मांडल्या. ठळक स्वप्ने बहुतांशी त्याच अवस्थेत पडतात, आणि ती अवस्था रात्रीच्या अखेरच्या प्रहरी लांबत जाते. पहाटेचे स्वप्न खरे होते म्हणणारा आमचा समाज नेमके तेच स्वप्न मोडून पोराला उठवतो. शिकलेले मनात मुरते तेही झोपेतच. मग शिकवणीला अर्थ काय राहिला?

वाशीमकडे तर हिशेब आणखी निराळा. हरभऱ्याच्या ओलिताला विजेची पाळी रात्रीची आली, की बापाबरोबर पोरगाही मोटरीवर; पीक उभे राहिले की रानडुकरे आणि रोही यांच्यापायी जागल. दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली. जिथे ती पोचलेली नाही, तिथे रात्र शेतातच सरते. असा मुलगा वर्गात पेंगला, तर शेरा कोणाच्या नावापुढे मारायचा?

उन्हाळ्यात सकाळची शाळा हवीच; वऱ्हाडच्या उन्हात दुपारी पोरे बसवा, असे मी म्हणणार नाही. पण पौषातल्या सातच्या घंटेला कोणते ऊन कारण आहे? खोल्या अपुऱ्या, म्हणून दोन पाळ्या, एवढेच ना? मग तसे स्पष्ट म्हणा, खोल्या बांधा, आणि पोराला कुंभकर्ण म्हणणे थांबवा.