ताप गेला, पाहुणा राहिला

पावसाळ्यात रक्ततपासणीच्या कागदावर ‘मलेरिया’ असं लिहून आलं की घरात धावपळ सुरू होते. आधी हुडहुडी, अंगावर गोधड्यांचा ढीग, मग दरदरून घाम! औषध सुरू झालं की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. आजारी माणूस वरणभात मागू लागतो आणि उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात जाऊन पडतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ताप आला, की आपण शेजारच्या उघड्या टाकीला बोल लावतो. कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा हा ताप नव्या डासाचा नसतोच. जुनाच पाहुणा यकृतात दडून बसलेला असतो.

आपल्याकडे हिवताप मुख्यत्वे दोन जातींचा, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. दडून बसण्याची खोड व्हायवॅक्सची.

डास चावला की जंतू रक्तावाटे साधारण अर्ध्या तासात यकृतात पोहोचतात. तिथे पहारेकरी पेशी असतात, पण हे जंतू त्यांच्यातूनही वाट काढतात आणि यकृताच्या पेशीत शिरतात. शिरताना त्या पेशीचंच पातळ आवरण स्वतःभोवती पिशवीसारखं ओढून घेतात. पुढे त्यांतले काही वाढतात, एकाचे हजारो होतात आणि रक्तात उतरतात. काही मात्र नुसते झोपून राहतात, कधी काही आठवडे, तर कधी कित्येक महिने!

तुम्ही म्हणाल, आपल्या शरीराची रोगाशी लढणारी फौज काय करते? तर असं बघा. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहून शेजारणीला कळतं की या घरी कोणी पाहुणे आलेत. तसंच आपल्या बहुतेक पेशी आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर मांडतात, आणि फौज ते पाहून आतला चोर ओळखते. पण झोपलेला जंतू फारशी हालचालच करत नाही, मग दोरीवर येणार काय? आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना तर ही दोरीच नसते! म्हणून जंतू पुढचा संसार तिथे थाटतो. व्हायवॅक्स दर 48 तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतो, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. पाणथरी खराब तांबड्या पेशी गाळून काढते खरी, पण फाल्सिपेरमने पछाडलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि तिला चुकवतात. मेंदूत तसं झालं तर जिवावर बेतू शकतं.

शास्त्रज्ञांनाही या जंतूने कमी दमवलं नाही. लाव्हेरान यांनी 1880 मध्ये तो माणसाच्या रक्तात पाहिला, रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात. पण यकृतातला मुक्काम उघडकीस यायला 1948 साल उजाडलं, आणि झोपलेले जंतू तर त्यानंतरही कित्येक वर्षांनी दिसले.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच. ताप उतरवणारं औषध रक्तातले जंतू मारतं. यकृतातल्यांसाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या वेगळ्या असतात, आणि व्हायवॅक्समध्ये त्या साधारणपणे 14 दिवस देतात. मधे रक्त तपासलं आणि ‘जंतू नाहीत’ असं आलं, तरी यकृतातले त्यात दिसत नाहीत. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर 14 खुणा करा आणि गोळी घेतली की एकेक खोडा.

या गोळ्या मनाने मात्र कधीच घेऊ नका. दिवस गेले असतील तर त्या चालत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळालाही देत नाहीत. अंगावर पाजत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींच्या रक्तात जी-६-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते, त्यांना या गोळ्या बाधतात. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, की गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा.

आणखी एक, अगदी आपल्यातलं. नवऱ्याची, मुलांची गोळी आपण घड्याळ लावून देतो. स्वतःची पाळी आली की ‘मला काय होतंय?’ म्हणून चौथ्या दिवशीच बंद! त्यात श्रावणातले उपवास. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर पोटात मळमळतं, म्हणून दोन घास खाऊनच घ्या. उपवास पुढच्या वर्षीही करता येतील. जंतूने तुमच्या यकृतात मुक्काम ठोकला, तर तुम्हाला चावलेला डास तोच ताप घरातल्या मुलांपर्यंत नेऊ शकतो.

टाकीचं झाकण घट्ट बसवा, आठवड्यातून एकदा पिंपं घासून कोरडी करा, रात्री मच्छरदाणी लावा. आणि आज जरा फ्रीजवरचा तो डबा उघडून पाहाच. अर्धवट राहिलेल्या गोळ्या सापडल्या, तर त्या परस्पर गिळू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा.